मुख्तसर, तबस्सुम आणि रेहाना

आसेगावच्या चावडीपुढं, कडुनिंबाखाली बसलेला देवीडॉक्टर एकदम खो-खो हसला, आणि तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

खरं म्हणजे तो हसण्याचा प्रसंगच नव्हता. पौषातली सकाळ, हवेत चांगलाच गारठा. गावातल्या निम्म्या बाया तान्ही पोरं पदराखाली झाकून उभ्या, पोरांचा एकच कालवा, आणि बोर्डाचा माणूस देवी टोचायला बसलेला. असा माणूस कसा, तोंड कडू करून बसलेला हवा. याआधीचे सगळे तसेच होते. पण हा जगदेव नवाच होता. किन्हीराजा गावचा पोरगा, सव्वीस वर्षांचा, डोक्याला टोपी आणि ओठांवर नुकतीच धरलेली मिशी. त्यानं पेटी उघडली, सुई दिव्यावर धरली, पोरांची यादी पुढं ओढली आणि पहिलंच नाव वाचलं.

"मुख्तसर शालिग्राम."

शालिग्रामाची बायको चतुराबाई पोराला घेऊन पुढं आली. पोरगं दहा महिन्यांचं, पण असं गुबगुबीत, की तिच्या दोन हातांत मावेना. जगदेवनं एकदा यादीकडं पाहिलं, एकदा पोराकडं पाहिलं... आणि हसूच फुटलं त्याला.

"काहून हासून राह्यले?"

आवाज मागून आला. जगदेवनं मान वळवली. शेतातून थेट आलेली एक पोरगी उभी होती. कापूस वेचून भरलेली ओटी कमरेला तशीच, केसांत कापसाचे दोन-तीन धागे अडकलेले, आणि डोळे असे की आता उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

"नाव वाचून हासलो, बाई."

"नावाले काय झालं?"

"ठेवलं कोणं हे?"

"म्यां."

जगदेव जरा वरमला. पण जीभ काही आवरेना. "मुख्तसर म्हणजे थोडक्यात. आटोपतं घेतलेलं. कोर्टाच्या कागदावर लिहितात, मजकूर मुख्तसर असा..." त्यानं पोराच्या मांडीला हलकेच बोट लावलं. "हे पोट्टं तुमाले कोणीकून थोडक्यात दिसते?"

बाया हसल्या. चतुराबाईसुद्धा हसली. ती कापूसवाली पोरगी तेवढी हसली नाही. तिचे कान तापले, ते तिला स्वतःलाच कळलं.

तिचं नाव रेहाना. रामराव कुणब्याची लेक. हो, कुणब्याचीच. अंगणात तुळस, देव्हाऱ्यात खंडोबा, आणि लेकीचं नाव रेहाना. गावात कोणाला त्याचं नवल नव्हतं. रामरावाची सहा लेकरं एकामागून एक गेली, तेव्हा त्याची बायको सोजरबाई अनवाणी चालत मंगरूळला पीरबाबाच्या दर्ग्यात गेली आणि पायरीवर डोकं ठेवून बसली. सातवी ही पोर झाली. तिला चाळीस दिवसांची असताना नेऊन दर्गा सांभाळणाऱ्या मुजावराच्या पायाशी ठेवलं. मुजावर म्हातारा होता. त्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं आणि सोजरबाईला म्हणाला, "हे नाव सांभाळ. नाव पोरीले सांभाळीन."

पोर जगली. आणि मग गावाला एक नवाच छंद लागला. ज्या घरात लेकरं टिकत नव्हती त्या घरची बाई रेहानाकडं येऊ लागली. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण अशा घरी सख्खी आत्या बाजूला बसायची, आणि पाळण्यापाशी वाकायची रेहाना. 'तुह्यासारखं नाव ठेव वं माय, टिकणारं.' पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ती बाळाच्या कानात कुर्र करायची, नाव सांगायची, आणि रिवाजाप्रमाणं जमलेल्या बाया तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालायच्या. वर्षात दोन-तीनदा कोणाचे तरी हात तिच्या अंगाला लागायचे, ते हेच.

नावं ती आणायची मंगरूळहून. गुरुवारी मायलेकी दर्ग्यात जायच्या. तिथं रेहाना कान देऊन बसायची. मुजावर काय बोलतो, कव्वाल काय गातो, लांबून आलेले लोक एकमेकांशी काय बोलतात... एखादा शब्द गोड वाटला की तो पदराला गाठ मारावी तसा मनात बांधून घरी आणायचा. अर्थ कोणाला विचारायचा, आणि कसा? आवाज गोड असला की झालं.

अशी बावीस लेकरं झाली होती गावात. बावीसही जिवंत होती. सगळी तिला आत्या म्हणत, आणि पोरांचं ऐकून त्यांच्या आयाही आत्याच म्हणत. वीस वर्षांची पोर, अख्ख्या गावाची आत्या! पण कोणाची काकू नाही, मामी नाही, वहिनी नाही. स्थळं तीन आली होती. लग्नात सुनेचं नाव बदलायचं, ही तर सगळ्यांचीच रीत. सोजरबाईचा जीव तिथंच गोळा व्हायचा. नाव गेलं तर पोर जाईल. तिनं तिन्ही वेळा हात जोडून नाही म्हटलं. चौथं स्थळ आलंच नाही. पुढं रामराव गेला, घरात दोघीच उरल्या. रोज दिवेलागणीला सोजरबाई दारात उभी राहून शेताच्या वाटेकडं हाक मारायची, "रेहाना वं..." तेवढीच एक हाक. बाकी दिवसभर नुसतं आत्या, आत्या.

तर अशी ही रेहाना, कमरेला कापूस आणि तापलेले कान घेऊन तिथंच उभी राहिली. जाईना. आपण ठेवलेल्या नावांचे अर्थ सांगणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता, मग तो हसरा का असेना.

"तबस्सुम रतनसिंग," जगदेवनं पुकारलं. तबस्सुम सुई दिसण्याआधीच भोकाड पसरून बसली होती.

"हिचा अर्थ सांगा," रेहाना म्हणाली.

"गालातल्या गालात हासणं."

पुन्हा हशा पिकला. आता रेहानालाही हसू आलं, पण तिनं ते पदरात दाबलं. जगदेवनं ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि सुई चुकीच्या हातात धरली.

पुढचं नाव इत्तेफाक. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर झालेलं पोर. "म्हणजे योगायोग," जगदेव म्हणाला. "हे मात्र बरोबर बसलं हो, आत्याबाई."

"तुमाले हे सारं कोणं शिकवलं?"

"वाशीमच्या शाळेत एक म्हातारे मौलवी होते. उर्दू, फारशी, थोडी अरबी... बाप म्हणे शीक, कचेरीत लागशील. बारा वर्षं शिकलो, अन् लागलो देवी टोचाले. ते शब्द कोणाले सांगू? आज पयल्यांदा कामी पडले."

हे बोलता बोलता त्यानं पान उलटलं आणि तो गप्प झाला. एकदम. हसू कोणीतरी पुसून घ्यावं तसं गेलं. त्यानं पुढचं नाव पुकारलंच नाही. नुसतं म्हणाला, "हेमलाची पोरगी."

तांड्यावरच्या हेमलाची बायको भुरीबाई पाच महिन्यांची लेक घेऊन पुढं आली. तिची तीन लेकरं गेली होती, ही चौथी. जगदेवनं फार हळू हातानं तिला टोचलं.

गर्दी पांगल्यावर रेहाना पेटीपाशी आली. "भुरीबाईच्या पोरीचं नाव काहून नाई घेतलं तुमी?"

"आठ दिवसांनी येतो. फोड धरला का ते पाहावं लागते. तवा सांगतो."

"आठ दिवस म्यां काय करू?"

"वाट पाहा," तो म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला मागून ऐकू आलं. "म्हणजे... उत्तराची. उत्तराची वाट पाहा."

"मंग दुसरी कोणाची पाहीन?" ती म्हणाली, आणि ओटी सावरत निघून गेली.

आठ दिवस तसे फार नसतात. पण कापसाच्या ओळीत वाकून वेचताना, मनात कोणी बोलणारं येऊन बसलं की दिवस लांबतात. रेहाना त्याचं बोलणं घोळवत राहिली. मुख्तसर म्हणजे थोडक्यात. इत्तेफाक म्हणजे योगायोग. आपल्यासारखाच हाही माणूस शब्द जमवून एकटा बसलाय, एवढं तिला कळलं. त्याच्याकडं अर्थ होते आणि सांगायला कोणी नव्हतं. तिच्याकडं नावं होती आणि विचारायला कोणी नव्हतं.

आठव्या दिवशी अवकाळी आभाळ भरून आलं. जगदेवनं निम्मी पोरं तपासली न तपासली तोच टपोरे थेंब सुरू झाले. शेतात कापूस उघडा पडलेला. बाया पोरं छातीशी धरून पळाल्या. चावडीच्या टिनाच्या पडवीत राहिले ते दोघेच. वर टिन असं वाजत होतं की बोलायला जवळ यावं लागे. दोघांनाही त्याची काही तक्रार नव्हती.

"तुमच्या नावाचा अर्थ काय हो?" तिनं विचारलं.

"जगदेव? जगाचा देव."

"जगाचा देव अन् पाण्याले भेऊन आडोशाले उभा!"

तो हसला. मग हसू मावळलं. ती वाट पाहतेय हे त्याला दिसत होतं. "तो शब्द तुमी कोठी ऐकला? वफात?"

"दर्ग्यात. मुजावर बाबाची गोष्ट सांगे, तवा लय हळू म्हणे. बाबाची वफात... डोळ्यात पाणी यायचं त्याच्या. मले वाटलं, एवढ्या मायेचा शब्द हाय, एखाद्या पोरीले ठेवावं."

जगदेवनं रजिस्टर मिटून काखेत धरलं.

"वफात म्हणजे मरण," तो म्हणाला.

रेहानानं पडवीचा खांब धरला.

"हे पाहा, इथं कोणाले ठाऊक नाई," तो घाईघाईनं बोलू लागला. "कोणाले कळणार बी नाई. म्यां माह्या रजिस्टरात ते नाव नाई उतरवलं. रकाना कोरा ठेवला. नोकरीत पयल्यांदा कोरा ठेवला. तुमी काही बोलू नका, म्यां बी बोलत नाई."

"तुमी कोरा ठेवला. पण म्यां तर तिच्या कानात सांगतलं ना."

"गावात समजलं तर काय होईन, ठाऊक हाय? बाया तुमाले पाळण्याजवळ उभं करणार नाईत."

ठाऊक होतं. तेच तर होतं तिच्याजवळ, ते वर्षातले दोन-तीन वेळचे धपाटे. ते गेले की गावात ती कोणीच नव्हती. तरी ती पडवीतून उतरली आणि पावसात चालू लागली. जगदेवनं पेटी तिथंच टाकली, डोक्यावर रजिस्टर धरायचं तेही विसरला आणि तिच्या मागून निघाला.

तांडा पाऊण कोसावर. पोचेपर्यंत पाऊस थांबला होता. भुरीबाई झोपडीच्या तोंडाशी लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या दंडावर फोड चांगला धरला होता, अंग थोडं कोमट होतं. रेहाना तिच्यापुढं चिखलातच बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. जगदेव थोडा लांब, बाभळीपाशी थांबला.

भुरीबाईनं लेकीला मांडीवर जरा उंच घेतलं. पोरीच्या तोंडाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मरण?"

"व्हय. मले ठाऊक नव्हतं वं भुरीबाई. तुह्या पायाची आण."

"मंग बरंच झालं की."

रेहानाला वाटलं, ती दुःखानं बोलतेय.

"अवं, बरंच झालं," भुरीबाई म्हणाली. "आपल्याइकडं पोरायचे नावं धोंड्या, उकंड्या कायले ठेवते? कोणाची नजर जाऊ नाई म्हणून. तू तर त्याच्यावर कडी केली. मरण दारात आलं अन् ऐकलं का घरात आपल्याच नावानं कोणाले तरी हाका मारून राह्यले, तर ते समजन, इथं आपण येऊन गेलो. जाईन पुढं." तिनं लेकीची पापी घेतली. "काय वं वफाती? जाईन ना?"

पोरगी तोंडभर हसली.

"अन् तू सांगाले आली," भुरीबाई जरा थांबून म्हणाली. "दुसरी असती तर गप बसली असती. चाल, भाकर खा. अन् त्या डॉक्टरले बी बोलाव, कव्हाचा बाभळीले टेकू देऊन राह्यला."

परतताना वाट ओली होती. जगदेवच्या वहाणा चिखलात रुतत होत्या आणि प्रत्येक वेळी तो थोडा मागं पडे. प्रत्येक वेळी रेहाना थोडी हळू होई.

"बारा वर्षं म्यां अर्थ पाठ केले," तो शेवटी म्हणाला. "भुरीबाईनं एका घडीत सारे उलटेपालटे केले." मग एक मोठा श्वास घेऊन, "तुह्या मायले भेटू का?"

त्याच्या तोंडी तुमीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. ती जमिनीकडं पाहत म्हणाली, "कशाले?"

"देवी टोचाले तर नाई जाणार!"

ती हसली. मग हसू ओठांवरच थांबलं. "तुमच्या घरी नाव बदलतेत?"

"बदलतेत. पण म्यां तोड काढली हाय," तो खुशीत म्हणाला.

त्या संध्याकाळी सोजरबाईच्या ओसरीवर बसून त्यानं ती तोड सांगितली. रेहान म्हणजे सब्जा. सुगंधी, हिरवा, दर्ग्यावर वाहतात तो. तुळशीचीच बहीण म्हणा ना! तेव्हा लग्नात नाव ठेवायचं तुळसा. अर्थ जवळपास तोच, म्हणजे पीरबाबाचा शब्द राहिला. नाव आपल्यातलं, म्हणजे त्याच्या आईचा रिवाजही राहिला. सोजरबाईनं दोन्ही हातांनी डोळे पुसले. वीस वर्षांचं ओझं कोणी असं एका शब्दात उतरवील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं गूळ आणायला लेकीला हाक मारली.

रेहाना गूळ घेऊन आली नाही. उंबऱ्यात उभी राहिली.

"तुळसा मले नाई पायजे."

"अर्थ तोच हाय ना!" जगदेव म्हणाला.

"तुमाले अर्थ येते, मले हाक येते." तिनं उंबरा सोडला नाही. "सारं गाव मले आत्या म्हणते. दिवसातून एकडाव माय रेहाना म्हणते, तवा मले वाटते का म्यां हाय. उद्या तुमच्या घरी कोणी तुळसा म्हणून हाक मारन, अन् म्यां मांगं पाहीन, कोण उभं हाय म्हणून. मरेपर्यंत मांगंच पाहत राहीन."

"पण माही माय नाई म्हणीन त्या नावाले..."

"मंग तुमी काय म्हणता?"

जगदेव टोपी हातात फिरवू लागला. हुशार माणसांचं असंच होतं. तोड काढता येते, उत्तर देता येत नाही. त्यानं टोपी घातली आणि तो निघून गेला. सोजरबाई त्या रात्री न जेवताच आडवी झाली.

माघ गेला, फाल्गुन गेला. देवी टोचण्याचे दिवस संपले. रेहानाला त्याची आठवण येई, आणि राग येई, आणि दोन्ही एकाच वेळी आलं की ती उगाचच अंगण दुसऱ्यांदा झाडी. गावात आणखी दोन बारशी झाली. नावं ठेवताना आता तिला वाटे, कोणाला तरी विचारावं. विचारायला कोणी नव्हतं.

भाद्रपदात सोजरबाईला हिवताप भरला. नऊ दिवस ताप उतरला नाही. दहाव्या दिवशी सकाळी तिनं लेकीला हाक मारली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत थांबली नाही.

त्यानंतर रेहानाला कोणी हाकच मारली नाही. म्हणजे बोलावलं, पुष्कळ बोलावलं. चतुराबाईनं महिनाभर भाकरी पाठवली. भुरीबाई तांड्यावरून येऊन चार दिवस सोबत राहिली. सगळी माणसं चांगली होती. पण आत्या, जेवली का. आत्या, रडू नको. दिवेलागणीला दार उघडं असायचं आणि दारात कोणी नसायचं. ज्या नावासाठी तिनं चांगला माणूस परत पाठवला, ते नाव जपून ठेवलेल्या भांड्यासारखं घरात नुसतं पडून राहिलं. एकदा तर तिनं दाणे पाखडता पाखडता आपलं नाव आपणच मोठ्यानं उच्चारून पाहिलं. आवाज भिंतीला लागून परत आला. तिला फार लाज वाटली, आणि मग रडू आलं.

पुन्हा पौष आला. देवीडॉक्टर आलाय, असं बायांनी शेतात सांगितलं. कोण आलाय ते रेहानानं विचारलं नाही. चावडीकडं फिरकलीही नाही. ओळीत मान खाली घालून वेचत राहिली. बोंडाची टोकं बोटांना लागत होती, ती लागू दिली.

दुपार कलताना तिच्या ओळीच्या टोकाशी दोन वहाणा येऊन थांबल्या.

"आज यादी करता करता वेळ झाला," जगदेव म्हणाला. तो वाळला होता, मिशी मात्र दाट झाली होती. "जन्माची यादी पाहाले बसलो, अन् पाटलाच्या माणसानं चुकून मयताचं पान काढलं. सोजरबाई रामराव... वाचलं. अन् काय आलं मनात, सांगू?"

ती वेचत राहिली. हात उगाच रिकाम्या बोंडावरून फिरला.

"दुःख मांगून झालं. आधी हे आलं, का आता हिले नावानं हाक कोण मारते?"

तिचे हात थांबले.

"वर्षभर म्यां वीस गावाच्या याद्या वाचल्या. हजार नावं पुकारली. रोज सांजेले घसा बसे. अन् एक नाव तेवढं कोण्याच यादीत नव्हतं." त्यानं टोपी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली. "मायले सांगतलं म्यां. ती म्हणाली, लग्न कर, पण त्या नावानं म्यां सुनेले हाक मारणार नाई."

"मंग काय म्हणतीन?"

"म्हणे, 'ऐकलं काय वं' म्हणीन."

रेहानाला इतक्या महिन्यांनी हसू आलं, थोडंसं, ओठांच्या एका कोपऱ्यात. "चालन. अर्ध्या गावच्या सुनायले तसंच म्हणते. पण नाव?"

"नाव कोणी बदलणार नाई. लग्नात तांदळात दुसरं नाव म्यां लिहिणार नाई. माय रुसन, मामा रुसन. रुसू दे."

"अन् तुमी? नवरा बायकोले नावानं हाक मारते काय कोठी? लोक तोंडात बोटं घालतीन."

"घालू दे. लोकायचे बोटं, लोकायचं तोंड."

"बोलाले काय जाते," ती म्हणाली. डोळ्यांत ती जुनी धिटाई परत आली होती. "आधी मारून तं दाखवा."

जगदेवनं आजूबाजूला पाहिलं. पंधरा-वीस बाया ओळींतून वाकलेल्या होत्या. त्यानं खाकरून घसा साफ केला. तोंड उघडलं... मिटलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो वळला आणि चालू लागला. ओळीतून, कापसाच्या पऱ्हाटीतून, थेट शेताच्या कडेच्या धुऱ्याकडं. गेला, तिला वाटलं. हाही गेला. तिनं मान खाली घातली. समोरचं बोंड धूसर दिसू लागलं.

तो धुऱ्यावर चढला होता. तिथं उभं राहून त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"रेहानाऽऽ!"

सगळ्या बाया एकदम ताठ झाल्या. कोणाच्या ओटीतला कापूस सांडला. कोणी कपाळाला हात लावला, कोणी पदर तोंडात घातला. चतुराबाई तर कमरेवर हात ठेवून धुऱ्याकडं बघतच राहिली. रेहानाही सगळ्यांबरोबर मान वर करून पाहू लागली, हा कोणाला बोलावतोय म्हणून. इतके महिने झाले होते.

"रेहाना वंऽऽ!" तो पुन्हा ओरडला. या खेपेला आवाज फुटला.

तेव्हा तिला कळलं. तिनं ओटीची गाठ सोडली, सगळा कापूस ओळीत सांडू दिला, आणि अख्ख्या शेताला ऐकू जाईल अशी ओ दिली.